घरच्या संगणकासाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर: कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

अपूर्णांक (प्रश्न)

नमस्कार. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर मी भौतिकशास्त्राचा अभ्यास पुन्हा हाती घेतला आहे. त्यासाठी घरच्या संगणकावर चांगले सायंटिफिक कॅल्क्युलेटर सॉफ्टवेअर हवे आहे. माझ्या गरजा साधारण अशा आहेत: त्रिकोणमितीय फलने, लॉगॅरिदम, घातांक, प्रयोगातील मोजमापांची सरासरी आणि प्रमाण विचलन, आणि पुढे विद्युत परिपथांच्या प्रकरणात संमिश्र संख्या. घरात एका संगणकावर विंडोज आहे आणि दुसऱ्या, जुन्या संगणकावर लिनक्स. शक्य असल्यास दोन्हीकडे एकच सॉफ्टवेअर चालावे आणि त्याला इंटरनेटची सक्ती नसावी.

शोध घेतला असता इतकी नावे समोर आली की गोंधळच वाढला. काही सॉफ्टवेअर हातातल्या कॅल्क्युलेटरचे हुबेहूब चित्र पडद्यावर दाखवतात, तर काहींमध्ये बटणेच नाहीत, केवळ एक रिकामी ओळ आहे. काहींच्या वर्णनात पन्नास अंकांपर्यंत अचूकता असल्याचे म्हटले आहे. माझा मूळ प्रश्न असा की संगणकासोबत आलेला कॅल्क्युलेटर पुरेसा नाही का, आणि नसेल तर निवड नेमक्या कोणत्या निकषावर करावी?

कोटिज्या

सोबत आलेल्या कॅल्क्युलेटरला कमी लेखू नये, म्हणून प्रथम त्याच्याविषयी लिहितो.

विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये मेनूतून सायंटिफिक प्रकार निवडता येतो. हा बदल केवळ बटणे वाढवण्यापुरता नाही. साध्या प्रकारात २ + ३ × ४ असे ओळीने दाबल्यास उत्तर २० येते, कारण तो प्रत्येक क्रिया आल्या क्रमाने करून मोकळा होतो. सायंटिफिक प्रकारात गुणाकाराला अग्रक्रम मिळतो आणि उत्तर १४ येते. एकाच खिडकीत, एकाच दिवशी, दोन उत्तरे मिळू शकतात हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. कोनाचे एकक बदलण्यासाठी अंश, रेडियन आणि ग्रेडियन यांत फिरणारे बटण आहे, आणि कीबोर्डवरून एफ३, एफ४ व एफ५ या कळांनीही तेच साधते. त्याचा मूळ प्रोग्राम (सोर्स कोड) २०१९ पासून मुक्त स्रोत म्हणून कोणालाही पाहण्यासाठी खुला आहे आणि पुढे त्यात आलेख काढण्याची सोयही आली. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार या चार क्रिया तो आतल्या आत परिमेय संख्या ठेवून करतो. त्यामुळे १ भागिले ३, गुणिले ३ याचे उत्तर नेमके १ येते.

आता मर्यादा. पहिली म्हणजे ३० चा साइन काढायचा तर आधी ३० आणि मग साइन दाबावे लागते, अर्थात वहीत लिहितो त्याच्या उलट. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे: लांब पदावली लिहीत असताना मधला एखादा अंक चुकला तर तेथे परत जाऊन तो दुरुस्त करता येत नाही. संमिश्र संख्या तर नाहीतच. विंडोज ७ च्या कॅल्क्युलेटरमध्ये संख्याशास्त्राचा स्वतंत्र प्रकार होता, तो विंडोज १० मध्ये उरला नाही. त्यामुळे प्रमाण विचलनासाठीही दुसरीकडे जावे लागेल.

लिनक्सवर कोणता डेस्कटॉप आहे त्यावर हे अवलंबून आहे. ग्नोमच्या कॅल्क्युलेटरमध्ये संपूर्ण पदावली एका ओळीत लिहिता येते, आणि केडीईच्या केकॅल्कमध्ये संख्याशास्त्राची बटणे दिसतात. तुमची रोजची कामे यांत भागतील, परंतु दोन संगणकांवर दोन वेगळ्या सवयी लावून घ्याव्या लागतील. माझ्या मते तुमच्या बाबतीत ही अडचण मर्यादांपेक्षा मोठी आहे.

सार्थअंक

कोटिज्या यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत आहे. निकष विचारला आहे, तर माझ्या दृष्टीने तो एकच आहे: आपण काय लिहिले ते उत्तर आल्यानंतरही पडद्यावर संपूर्ण दिसते का, आणि त्यात बदल करून ते पुन्हा चालवता येते का? बटणांची संख्या, रंग आणि हुबेहूब चित्र या गोष्टी त्यानंतरच्या आहेत. हातातल्या कॅल्क्युलेटरची चौकट लहान असते म्हणून त्यात बटणे दाटीवाटीने बसवावी लागतात. संगणकाला पूर्ण कीबोर्ड आणि मोठा पडदा असताना माउसने एकेक चित्रातले बटण दाबत बसणे म्हणजे असलेली सोय नाकारणे होय. भौतिकशास्त्रातील गणितात चूक शोधावी लागते तेव्हा उत्तराचा उपयोग नसतो, आपण कंस कोठे बंद केला हे पाहावे लागते.

या निकषावर दोन सॉफ्टवेअर उतरतात. दोन्ही मोफत व मुक्त स्रोत आहेत, विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतात आणि इंटरनेटशिवाय काम करतात.

स्पीडक्रंच हे त्यांतले साधे. वर झालेली सर्व गणिते राहतात, खाली लिहिण्याची ओळ असते. लिहिता लिहिताच उत्तर दिसू लागते, फलनाचे नाव अर्धे लिहिले की उरलेले सुचवले जाते, आणि जुळणारे कंस ठळक होतात. मागची ओळ पुन्हा खाली आणून तिच्यातली एक संख्या बदलणे अगदी सोपे आहे. एखाद्या मूल्याला नाव देऊन ते पुढच्या ओळींत वापरता येते, स्वतःची फलनेही लिहिता येतात. ०.१२ या आवृत्तीपासून संमिश्र संख्या आणि एकके यांचीही सोय झाली. एक बारकावा लक्षात ठेवावा: फलनाला एकाहून अधिक संख्या द्यायच्या असतील तर त्यांच्यामध्ये स्वल्पविराम चालत नाही, अर्धविराम द्यावा लागतो.

कॅल्क्युलेट हे दुसरे. त्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह असते आणि स्पेलिंगमध्ये सी ऐवजी क्यू असतो, त्यामुळे शोधताना काळजी घ्यावी. याचा आवाका बराच मोठा आहे. ५ फूट अधिक ३ इंच म्हणजे किती सेंटिमीटर असे विचारले तर ते १६०.०२ हे उत्तर देते, आणि वर्ग समीकरण जसेच्या तसे लिहिले तर त्याची मुळे काढून देते. तुमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची सोय म्हणजे मोजमापातील अनिश्चितता. एखादी लांबी ५.२ ± ०.१ अशी लिहिली तर पुढच्या गुणाकार-भागाकारात ती अनिश्चितता कशी पसरत जाते तेही ते दाखवते. प्रयोगवहीसाठी याहून उपयुक्त गोष्ट कॅल्क्युलेटरमध्ये मी पाहिलेली नाही. मात्र सेटिंग इतक्या आहेत की पहिल्या दिवशी माणूस त्यांतच हरवतो.

आता पन्नास अंकांविषयी. बहुतेक संगणकीय आकडेमोड ६४ बिटांच्या द्विमान संख्यांवर चालते आणि तिच्यात सुमारे १५ ते १७ सार्थ अंक टिकतात. दुसरीकडे, गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक आपल्याला ६.६७४३० × १०^-११ इतकाच, म्हणजे जेमतेम सहा अंकांपर्यंत माहीत आहे. मोजमापेच सहा अंकांची असतील तर उत्तरातील चाळिसावा अंक निव्वळ शोभेचा असतो. असे असले तरी जादा अंक निरुपयोगी ठरत नाहीत, कारण जवळजवळ समान असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी करताना पुढचे सगळे जुळणारे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे उरलेल्या शेपटावरच उत्तर उभे राहते. पुढील उदाहरण कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये करून पाहावे: (१०^१६ + १) या संख्येचे वर्गमूळ काढून त्यातून १०^८ वजा करा. खरे उत्तर सुमारे ५ × १०^-९ आहे. ६४ बिटांत काम करणारे सॉफ्टवेअर शून्य दाखवते, कारण १०^१६ + १ ही संख्या त्याला साठवताच येत नाही आणि तो १ आत शिरण्यापूर्वीच गळून पडतो. स्पीडक्रंच जादा अंक बाळगत असल्याने योग्य उत्तर देते. बीजगणित करून तीच पदावली १ भागिले (वर्गमूळ अधिक १०^८) अशी लिहिली तर ६४ बिटांतही उत्तर बरोबर येते. अचूकता विकत घेण्यापूर्वी, म्हणजे येथे डाउनलोड करण्यापूर्वी, हा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

स्तंभरांग

वरील चर्चेत एक पर्याय सुटला आहे असे मला वाटते. मोजमापांची सरासरी आणि प्रमाण विचलन हेच मुख्य काम असेल तर स्वतंत्र कॅल्क्युलेटर शोधण्यापेक्षा एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क ही स्प्रेडशीट अधिक सोयीची आहे. वीस वाचने एका स्तंभात लिहिली की त्यांतले एक बदलताच सगळे निष्कर्ष आपोआप बदलतात. लिहिलेले संपूर्ण दिसावे आणि पुन्हा चालवता यावे हा सार्थअंक यांचा निकष स्प्रेडशीट सहज पूर्ण करते.

प्रमाण विचलनाबाबत एक गोष्ट तपासून घ्यावी, मग सॉफ्टवेअर कोणतेही असो. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ संख्यांची सरासरी ५ आहे. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला ८ ने भागून वर्गमूळ काढले तर प्रमाण विचलन नेमके २ येते आणि ७ ने भागले तर २.१३८. पहिले संपूर्ण समष्टीचे, दुसरे नमुन्यावरून केलेले अनुमान. प्रयोगातील वाचने हा नमुना असतो, म्हणून सहसा दुसरे हवे असते. नवीन सॉफ्टवेअरमध्ये या आठ संख्या टाकून पाहिल्या की त्याच्या एकमेव बटणाचा अर्थ यांपैकी कोणता ते लगेच कळते. स्प्रेडशीटमध्ये दोन्हींसाठी स्वतंत्र फलने आहेत.

सार्थअंक

@स्तंभरांग, वाचनांच्या तक्त्यासाठी स्प्रेडशीट योग्यच आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु सूत्रांची आकडेमोड तिच्यावर सोपवण्यापूर्वी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक्सेलमध्ये आणि लिबरऑफिसमध्येही वजा २ चा वर्ग कंस न देता -२^२ असा लिहिला तर उत्तर ४ येते. गणिताच्या पुस्तकातील प्रघातानुसार ते वजा ४ असायला हवे, कारण घात आधी आणि वजा चिन्ह नंतर. वेगाच्या वर्गापुढे वजा चिन्ह असलेली सूत्रे भौतिकशास्त्रात पावलोपावली येतात. तसेच २^३^२ याचे उत्तर एक्सेल ६४ देते, तर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तीच रचना ५१२ देते, कारण पायथन वरच्या घातापासून सुरुवात करते. शिवाय स्प्रेडशीटमधील त्रिकोणमितीय फलने नेहमी रेडियनमध्येच चालतात. तेथे बटण नाही, प्रत्येक कोन स्वतः बदलून घ्यावा लागतो.

स्तंभरांग

वजा चिन्हाचा मुद्दा मान्य आहे, म्हणूनच मी कंस देण्याच्या बाबतीत कधीच काटकसर करत नाही. आणि पायथनचा उल्लेख झालाच आहे म्हणून सांगतो, तेथे घातासाठी वापरतात ते चिन्ह दोन फुल्या (**) हे आहे. सवयीने २^३ लिहिले तर चूक दाखवली जात नाही, निमूटपणे १ हे उत्तर येते, कारण त्या चिन्हाचा तेथे अर्थ बिटांवरची एक वेगळी क्रिया असा आहे.

उलटीरीत

अल्पमताची बाजूही नोंदवली जावी. फ्री४२ हे मोफत सॉफ्टवेअर एचपी-४२एस या १९८८ मध्ये आलेल्या कॅल्क्युलेटरची नक्कल आहे आणि ते विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. त्याची दशमान आवृत्ती घेतल्यास ३४ अंकांपर्यंत काम होते, आणि दशमान असल्यामुळे ०.१ व ०.२ यांच्या बेरजेत कोणतेही शेपूट उगवत नाही. संमिश्र संख्या त्यात अंगभूत आहेत.

यात आधी संख्या आणि नंतर क्रिया अशी रीत आहे. (३ + ४) × (५ + ६) हे गणित ३, एंटर, ४, अधिक, ५, एंटर, ६, अधिक, गुणिले असे करायचे. कंस एकही लागत नाही आणि ७ व ११ ही मधली उत्तरे डोळ्यांसमोर येत राहतात. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांच्या चिन्हपद्धतीवरून हिला उलटी पोलिश रीत म्हणतात, आणि १९७२ चा एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर याच रीतीचा होता. सार्थअंक यांच्या निकषावर हे सॉफ्टवेअर नापास होईल हे मला मान्य आहे, कारण लिहिलेली पदावली येथे मागे उरतच नाही. पण मधले उत्तर वेडेवाकडे आले तर ते त्याच क्षणी दिसते, शेवटपर्यंत थांबावे लागत नाही. ज्यांना एकदा ही सवय लागते ते सहसा परत फिरत नाहीत.

कोटिज्या

हुबेहूब चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी अजून कोणी लिहिले नाही. त्यांचा एकच खरा उपयोग आहे: परीक्षेत जे यंत्र हाताळायचे आहे त्याची बटणे कोठे आहेत हे समजून घेणे, किंवा शिक्षकाने ते वर्गात पडद्यावर दाखवणे. माउसने सराव केल्याने बोटांना वेग येत नाही, म्हणून परीक्षा जवळ आली की खरे यंत्रच हातात घ्यावे. कॅसिओसारख्या कंपन्या आपल्या यंत्रांच्या अधिकृत प्रतिकृती परवान्यासह देतात. काही त्रयस्थ प्रतिकृतींना मात्र मूळ यंत्रातील रॉमची, म्हणजे त्यात कायमस्वरूपी साठवलेल्या प्रोग्रामची, प्रत लागते, आणि ती कोठूनही उतरवून घेणे हा स्वामित्व हक्काचा भंग ठरू शकतो.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्यांपैकी डेस्मॉस आणि जिओजेब्रा दोन्ही उत्तम आहेत. आलेखासाठी मी त्यांनाच पसंती देईन. परंतु तुमची इंटरनेट नसण्याची अट पाहता त्यांना मुख्य स्थान देता येणार नाही.

अपूर्णांक

सर्वांचे मनापासून आभार. मी दोन्ही संगणकांवर स्पीडक्रंच आणि कॅल्क्युलेट उतरवून घेतले, सोबत पायथनही होतेच. वर दिलेली उदाहरणे करून पाहिली आणि वर्गमूळाचे उदाहरण पायथनमध्ये खरोखरच शून्य देते हे पाहून आश्चर्य वाटले.

तीन शंका उरल्या आहेत. पहिली, १०० चा लॉग विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये २ येतो, तर पायथनमध्ये ४.६०५ येतो. दुसरी, ३० चा साइन पायथनमध्ये वजा ०.९८८ आला. हे रेडियनमुळे असावे असे समजते, पण सॉफ्टवेअर कोणत्या एककात आहे हे दर वेळी ओळखण्याची सोपी युक्ती आहे का? तिसरी, वजा ८ चा घात १/३ घेतला तर वजा २ यायला हवे होते, त्याऐवजी १ + १.७३२ आय असे उत्तर आले. हा दोष आहे का?

सार्थअंक

पहिली शंका. बटणांच्या कॅल्क्युलेटरवर लॉग म्हणजे पाया १० आणि एलएन म्हणजे पाया ई असा संकेत आहे. प्रोग्रामिंगच्या भाषांत आणि उच्च गणितात मात्र नुसता लॉग म्हणजे बहुधा नैसर्गिक लॉग असतो, आणि १०० चा नैसर्गिक लॉग ४.६०५ हाच आहे. पायथनमध्ये पाया १० साठी लॉग१० हे वेगळे फलन आहे. स्पीडक्रंचमध्ये पाया १० साठी एलजी आणि नैसर्गिक लॉगसाठी एलएन लिहावे. तेथील लॉग या फलनाला पाया स्वतः सांगावा लागतो. डेसिबल किंवा पीएच काढताना ही गल्लत झाली तर उत्तर सुमारे २.३०३ पट होते, आणि इतक्या फरकाने उत्तर अशक्य वाटत नसल्यामुळे ते सहज खपून जाते.

दुसरी. काम सुरू करण्यापूर्वी ३० चा साइन काढणे हीच युक्ती. ०.५ आले तर अंश, वजा ०.९८८ आले तर रेडियन, ०.४५४ आले तर ग्रेडियन. काटकोनाचे शंभर भाग करणाऱ्या या शेवटच्या एककाची तुम्हाला जवळपास कधीच गरज पडणार नाही, ते चुकून दाबलेल्या बटणामुळेच येते.

तिसरी. हा दोष नाही. वजा ८ ला संमिश्र संख्यांमध्ये तीन घनमुळे आहेत आणि अपूर्णांकी घाताचे मुख्य मूल्य देण्याचा संकेत पाळला की १ + १.७३२ आय हेच येते. त्याचा घन करून पाहा, वजा ८ मिळेल. वास्तव मूळच हवे असेल तर घाताऐवजी घनमुळाचे स्वतंत्र फलन वापरावे. पायथनमध्ये ते ३.११ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

न विचारलेली एक गोष्ट जोडतो. या सॉफ्टवेअरमध्ये भौतिकशास्त्रातील स्थिरांकांची तयार यादी असते. मे २०१९ मध्ये एककांच्या व्याख्या बदलल्या आणि प्लांकचा स्थिरांक नेमका ६.६२६०७०१५ × १०^-३४ असा ठरवला गेला. त्यापूर्वी बाहेर पडलेल्या आवृत्तीत जुने मूल्य असणे स्वाभाविक आहे, आणि स्पीडक्रंचची ०.१२ ही आवृत्ती २०१६ ची आहे. फरक आठव्या-नवव्या अंकात पडतो, त्यामुळे अभ्यासाच्या गणितात तो जाणवणार नाही. तरीही यादीतील ते मूल्य एकदा उघडून पाहावे, आणि वेगळे निघाल्यास नवे मूल्य स्वतःच्या नावाने साठवून ठेवावे.

कोटिज्या

कॅल्क्युलेट वापरणार असाल तर आणखी एक सेटिंग आधीच ठरवून टाका. १/२क्ष असे लिहिले तर त्याचा अर्थ क्षचा अर्धा भाग की २क्ष ने भागलेला १, यावर पुस्तकांतही एकमत नसते. या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही अर्थ निवडता येतात. कोणताही निवडा, पण दोन्ही संगणकांवर तोच ठेवा, आणि शंका असेल तेथे गुणाकाराचे चिन्ह व कंस उघडपणे लिहा. विनिमय दर अद्ययावत करण्याखेरीज त्याला इंटरनेट लागत नाही, आणि तुमच्या कामात त्या दरांचा संबंध नसल्याने ते अद्ययावत करणे बंद ठेवले तरी चालेल.